आडवळणाने बोलणं आणि आडपडदा: फरक काय?

एका भाषांतरात 'मी आडवळणाने विचारलं' असं लिहिलं आणि तिथेच अडलो. आडवळणाचं गाव नुसतं मुख्य रस्त्यापासून बाजूला असतं, लपलेलं नसतं. मग आडवळणाने बोलणारा काही लपवतो, की फक्त लांबून येतो? 'आडपडदा ठेवून विचारलं' चालेल का?

*

आडपडदा नको. एकतर तो बहुतेक वेळा नकारातच येतो: 'आडपडदा न ठेवता सांग.' शिवाय तो मजकूरच झाकतो. आडवळणात मजकूर पोचायला हवाच असतो, फक्त आपल्या तोंडून निघायला नको असतो. समोरच्याला कळलं नाही तर बोलणाराच रुसतो!

झाकलेलं काय आहे ते बघा. ताकाला जाऊन भांडं लपवणारा मागणी झाकतो. 'लेकी बोले सुने लागे'मध्ये टोला उघड, पत्ता मात्र चुकीचा. शालजोडीतला असेल तर पत्ताही बरोबर, फक्त जोडा शालीत गुंडाळलेला. आढेवेढे घेणाऱ्याला तर हवंच असतं, आग्रहही हवा असतो.

*

आणि द्राविडी प्राणायाम?

*

तो जास्त करून कृतीचा. समोरून नाक धरायचं सोडून हात डोक्यामागून फिरवायचा. त्यात लपवाछपवी कसली, नुसती दमछाक. (एका समाजाचं नाव त्यात उगाच ओढलंय, म्हणून मी तो वापरत नाही.)

*

संस्कृत काव्यशास्त्रातलं 'गतोऽस्तमर्कः' आठवलं. सूर्य मावळला, एवढंच वाक्य. गुराख्याला ते 'गुरं परत ने' असं ऐकू येतं, प्रियकराला भेटायला जाणाऱ्या अभिसारिकेला 'आता नीघ'. ही व्यंजना, म्हणजे शब्दांपलीकडचा अर्थ सुचवणारी शक्ती. तिला कुणी आडवळण म्हणत नाही, कारण 'आडवळण' या शब्दात किंचित तक्रार आहे. तो ऐकणाऱ्याने मारलेला शेरा आहे. स्वतःबद्दल आपण 'मी सुचवलं' म्हणतो. आडून बोलतो तो दुसरा.

*

हे पटलं. माझ्या मजकुरात पात्र स्वतःबद्दलच बोलतंय, आणि नकार आला तर 'गंमत केली' म्हणायची त्याची तयारी आहे.

*

मग 'खडा टाकून पाहिला' लिहा की.