'रिस्पेक्टफुल' आणि 'सिव्हिल' वागणं: शाळेच्या नियमांसाठी मराठी शब्द हवा

दांडियाबाजारकर:
वडोदऱ्यात आमच्या शाळेनं वागणुकीचे नियम लिहायला घेतलेत. मूळ मसुदा इंग्रजी. गाभा एवढाच की आवारात सगळ्यांनी 'रिस्पेक्टफुल' आणि 'सिव्हिल' वागायचं. सगळ्यांनी म्हणजे मुलं, शिक्षक, ऑफिसातली माणसं, शिपाई आणि फाटकात स्कूटर आडवी लावून भांडणारे पालकसुद्धा. गुजराती मसुद्यात 'विनय अने विवेक' आलं. मराठी आजी-आजोबांसाठी कुणीतरी त्याचंच 'विनयाने व विवेकाने वागावे' केलं. शब्द सगळे ओळखीचे, तरी वाक्य परकं वाटतं. दुसरं काय लिहिता येईल?

विश्वामित्री:
परकं वाटणारच. गुजरातीत 'विवेक' म्हणजे रीतभात. पाहुण्याला 'आवो, बेसो' म्हणणं हा विवेक, आणि पाहुण्यानं ताटात वाढताना 'नको, नको' करणं हाही विवेकच. मराठीत विवेक म्हणजे बरंवाईट निवडायची बुद्धी. ती असलेला माणूससुद्धा शिपायावर खेकसू शकतो.

'विनय'ची अडचण निराळी. मराठी पेपर वाचणाऱ्याला तो 'विनयभंगा'तच भेटतो. (गुजरातीत आर्ट्स शाखेला विनयन म्हणतात, ते आणखी वेगळं.) शिवाय विनय म्हणजे नम्रपणा. पालकानं शाळेपुढे नम्र व्हावं ही मागणी जास्तीची आहे. त्यानं शिव्या देऊ नयेत, एवढंच शाळेला हवंय ना?

रावपुरा:
मग 'सभ्य' घ्या. सभेत शोभेल तो सभ्य. 'सिव्हिल'च्या मुळाशी लॅटिनमधला नागरिक आहे, म्हणजे दोन्हीकडे चार लोकांत कसं वागायचं हाच मुद्दा. फक्त वडोदऱ्यात एक गंमत होईल. गुजरातीत 'सभ्य' म्हणजे सभासद. आमदार तो धारासभ्य. 'समितीच्या सभ्यांनी सभ्यपणे बोलावे' हे वाक्य तुमच्याकडे कुणी ना कुणी लिहिणारच.

दांडियाबाजारकर:
आणि 'शिष्टाचार'?

रावपुरा:
तो मंत्री येणार असतील तेव्हा. आणि नुसतं 'शिष्ट' म्हटलं की मराठीत नाक वर करून चालणारं माणूस दिसतं. 'फार शिष्ट आहे हो ती' हे काही कौतुक नाही.

निवृत्त बाई:
तुम्ही सगळे 'सिव्हिल'च्या मागे लागलात. मला 'रिस्पेक्टफुल'ची जास्त काळजी वाटते, कारण त्याला सगळे डोळे मिटून 'आदर' लिहितात. आपल्याकडे आदर खालून वर जातो. 'विद्यार्थ्यांनी शिक्षकांचा आदर करावा' हे कुणालाही पटतं. 'शिक्षकांनी विद्यार्थ्यांचा आदर करावा' असं लिहून स्टाफरूममध्ये लावून बघा. व्याकरण शुद्ध आहे, पण निम्मे लोक हसतील आणि उरलेले रागावतील. 'पालकांनी शिपायांचा आदर करावा' यावर तर कुणी काही बोलणारही नाही, पुढे वाचतील.

म्हणून 'मान राखणे' लिहा. मान लहानाचाही राखता येतो. वर्गात मुलाला चारचौघांत 'ढ' म्हटलं नाही की त्याचा मान राखला. आणि ही शिक्षकांची मेहेरबानी नव्हे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केली आहे. नियमांत मुलांची कर्तव्यं ओळीनं आणि मोठ्यांची एका वाक्यात, असं असेल तर शब्द कितीही चांगला सापडला तरी कागद एकतर्फीच राहील.

दुसरं, हाका. इथे गुजराती माणसाचं चांगलं आहे. नावापुढे 'भाई' नाहीतर 'बेन' लावलं की 'तमे' आपसूक येतं, मग समोर ट्रस्टी असो की पाणी भरणारा. आपण मराठी माणसं मात्र वर 'अहो' आणि खाली 'अरे'. वडोदऱ्यातल्या मराठी घरांनी भाई-बेन उचललंय, तर नियमांतही ते लिहावं. शिक्षिकांना 'बाई' म्हणायचं की नाही ते त्या त्या शिक्षिकेला विचारा. मला 'बाई'च आवडे, पण गुजराती पालकांच्या कानाला 'बाई' म्हणजे धुणंभांडी करणारी, म्हणून आमच्यातल्या कितीतरी जणी 'टीचर' झाल्या.

मी असं लिहीन: 'शाळेत सगळ्यांनी एकमेकांचा मान राखावा. नीट बोलावे. ओरडू नये, शिवी देऊ नये, कुणाच्या जातीवरून, भाषेवरून, रंगरूपावरून बोलू नये. तक्रार ऑफिसात लेखी द्यावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात कुणाचे नाव घेऊन टाकू नये.' 'सभ्य' नाही, 'शिष्ट' नाही, काय करायचं नाही ते मात्र शिपायालाही कळतं आणि ट्रस्टीलाही.

विश्वामित्री:
बाई, मसुदा आवडला, फक्त 'नीट बोलावे' काढा. 'नीट बोल हं!' हे आपण कधी म्हणतो आठवा. बाह्या सरसावल्यावर. फाटकावर 'नीट बोला' अशी पाटी लावलीत तर तिथेच पहिलं भांडण होईल.

निवृत्त बाई:
हे मात्र खरं. 'सौम्य शब्दांत बोलावे' करू. थोडं पुस्तकी आहे, पण धमकी नाही.

रावपुरा:
वर मथळा 'आचारसंहिता' देऊ नका, लोकांना वाटेल निवडणूक लागली. 'वर्तणूक' म्हटलं की दाखला आठवतो. 'एकमेकांशी वागताना' एवढंच पुरे.

जाता जाता: हा खटाटोप वडोदऱ्याला नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, 1931 मध्ये, राज्यकारभाराच्या शब्दांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' इथेच निघाला. एकेका इंग्रजी शब्दासमोर मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी. त्यांच्यापुढे कारभाराचे शब्द होते, तुमच्यापुढे फाटकावरचं भांडण.

दांडियाबाजारकर:
मथळा घेतला, 'मान राखावा' घेतलं, 'सौम्य शब्दांत' घेतलं. गुजराती मसुद्यात 'विवेक' तसाच राहील, तिथे तो चपखल आहे. आजच्या बैठकीत फक्त खेळाच्या सरांनी हरकत घेतली. 'ओरडू नये' असेल तर मैदानावर त्यांनी करायचं काय? तेव्हा आता 'कुणावर ओरडू नये' असं केलंय.

निवृत्त बाई:
चालेल. आणि त्या सरांना 'कुणावर'खाली रेघ मारून द्या.