मांजराच्या वाळूला पर्याय सुचवा (वासही नको, कचराही नको)

तिसरा_मजला:
पुण्यात वन बीएचके, लिफ्ट नाही. मांजरं दोन. चिंगी चार वर्षांची, भुऱ्या अकरा महिन्यांचा बोका. ट्रे एकच, संडासाशेजारच्या बोळकांडीत. आजवर गोळे होणारी मातीची वाळू वापरली. महिन्याला १५ किलो वर चढवायची आणि भिजून आणखी जड झालेली खाली न्यायची.

मागच्या महिन्यात नको तो शहाणपणा केला. रोजचे दोनचार गोळे कमोडात टाकले. आठवड्याभरात पाणी वर! प्लंबरने स्प्रिंग घालून जे बाहेर काढलं, त्याच्या दोन पणत्या सहज झाल्या असत्या. ८०० रुपये गेले, वर खालच्या काकूंचं बोलणं.

आता मातीत न मिसळणारं काही घरात आणायचं नाही असं ठरवलंय. पण वास? सासूबाई दारातूनच नाकाला पदर लावतात. कोण काय वापरतं, आणि टाकता कुठे?

बोका_बहाद्दर:
टोफू लिटर घ्या. सोयाबीनच्या चोथ्याचं असतं, वजनाला हलकं. पाकिटावर फ्लश चालतं असं लिहिलेलं असतं.

झारेवाली:
फ्लशचं मनातून काढून टाका, पाकिटावर काही का लिहिलेलं असेना. तुमची ती माती म्हणजे बेंटोनाइट, आपल्याकडे कच्छात खाणी आहेत. पाणी प्यायली की फुगते, म्हणून तर गोळा होतो. ट्रेमध्ये फुगते तशीच पाइपातही फुगणार. टोफू विरघळतं खरं, पण जुन्या इमारतीच्या पाइपांवर मी तो प्रयोग करणार नाही. शिवाय पावसाळ्यात उघड्या पाकिटाला बुरशी धरते. माझ्याकडे जुलैत पोरकिडे झाले होते, तांदळात होतात तसे.

मी सहा वर्षं पाइनच्या भुशाच्या कांड्या वापरते. दोन ट्रे एकात एक, वरच्याला तळाशी भोकं. लघवी लागली की कांडी फुटून भुसा होतो, ट्रे हलवला की तो खाली पडतो. शी वरच राहते, ती जुन्या पुऱ्यांच्या झाऱ्याने उचलायची. (झारा आता तळणाला नाही, काळजी नसावी.) कोरड्या कांड्या दोन बोटं जाडीच्या पुरतात, मातीसारखा ढीग लागत नाही.

पैसे वाचवायला वखारीतला भुसा आणू नका. त्यात प्लायवुडचा चुरा असतो, म्हणजे डिंक आणि रसायनं. वर बारीक धूळ मांजराच्या नाकात.

बदल एकदम केलात तर चिंगी गादीवर निषेध नोंदवेल. आधी जुन्या वाळूत मूठभर कांड्या, मग दर तीनचार दिवसांनी वाढवत न्या. आणि दोन मांजरांना एक ट्रे कमीच. तीन असावेत म्हणतात, निदान दोन तरी ठेवा.

वासाचं म्हणाल, तर ताज्या लघवीला तेवढा नसतो. पडून राहिली की जिवाणू तिचा अमोनिया करतात. म्हणून दिवसातून दोनदा उचला. सुगंधी वाळू नकोच, आपल्याला मोगरा वाटतो तो मांजराला डोकेदुखी. आता खरा प्रश्न: भुऱ्याची नसबंदी झालीय का?

तिसरा_मजला:
नाही हो. लहानच आहे ना अजून.

झारेवाली:
अकरा महिन्यांचा बोका लहान नसतो, बाई. न कापलेल्या बोक्याच्या लघवीचा वास कुठलीही वाळू दाबू शकत नाही. आधी डॉक्टरांकडे न्या, मग कांड्यांची ऑर्डर द्या.

परसदार_तळेगाव:
टाकायचं राहिलंच. आमच्याकडे अंगण आहे, लघवीचा भुसा वेगळ्या खड्ड्यात पालापाचोळ्यासोबत कुजवतो आणि जास्वंद-कण्हेरीला घालतो. भाजीला नाही म्हणजे नाही. शी खड्ड्यात घालत नाही. तिच्यात टॉक्सोप्लाझ्मा नावाचा, माणसालाही होणारा परजीवी असू शकतो, आणि त्याची अंडी घरच्या खताच्या उष्णतेने मरतीलच असं नाही. ती शीतून बाहेर पडल्यावर किमान एक दिवसाने संसर्ग करण्याजोगी होतात, त्यामुळे रोज उचललं तर निम्मी भीती गेली. घरात कोणी गरोदर असेल तर ट्रे दुसऱ्याने साफ करावा.

फ्लॅटमध्ये असाल तर शी वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, वर लाल ठिपका काढा आणि कचरा नेणाऱ्या ताईंना वेगळी द्या, डायपरसारखी. ओल्या कचऱ्यात लपवून देऊ नका. तो त्या हाताने निवडतात.

तिसरा_मजला:
दीड महिन्याने लिहितेय. भुऱ्याची नसबंदी झाली, तीनेक आठवड्यांत वास उतरला. कांड्या चिंगीने स्वीकारल्या, भुऱ्या अजून त्या पायाने उडवत बोळकांडीत क्रिकेट खेळतो, सकाळी अनवाणी गेलं की तळपायाला टोचतात. महिन्याला साधारण ७ किलो लागतं. भुसा खालच्या काकूंच्या गुलाबाला हवा होता, पण खत व्हायला जागा नाही, म्हणून तूर्त तोही कागदात. ताईंना लाल ठिपक्याचं सांगितलं तर म्हणाल्या, "मांजराचं होय? मागच्या वेळची ती सिमेंटची पिशवी पण तुमचीच का?"

सासूबाई परवा आत येऊन बसल्या. पदर खांद्यावरच होता.