रेंजचा दोष एलईडीचा नाही, पिनचा आहे

भाऊ, वेबपानावरून एसी चालवायला तुम्ही रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा रिमोट केलाय. त्यात इन्फ्रारेड एलईडी थेट त्याच्या जीपीआयओ १८ या पिनला जोडला आहे, म्हणूनच रिमोट हातभर अंतरावर चालतो आणि पलंगावरून चालत नाही. रास्पबेरी पायच्या पिनवर १६ मिलीअँपिअरच्या वर भार देऊ नये, आणि खोलीभर पोचायला ८०-१०० तरी हवेत. मध्ये २एन२२२२ हा ट्रान्झिस्टर घाला. त्याचे तीन पाय असे जोडा: पिनवरून बेसला ४७० ओहमचा रेझिस्टर, एमिटर ग्राउंडला, ५ व्होल्टवरून ३९ ओहमचा रेझिस्टर आणि एलईडी कलेक्टरला. सगळं नागपूरच्या सीताबर्डीवर सुटं मिळतं.

मूळ रिमोटचे कोड टिपणारा रिसीव्हर टीएसओपी१७३८ असेल तर थांबा. तो ५ व्होल्टचा आहे, त्याचं आउटपुट पायची पिन जाळू शकतं. ३.३ वर चालणारा टीएसओपी३८२३८ घ्या. पायला मूळ रिमोटचे कोड शिकवताना खिडकी झाका. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन थेट पडलं तर नोंद बिघडते.

‘+’ दाबून एसी २४ अंशांवरून २६ वर जात नाही, हे मात्र वायरिंगमुळे नाही. टीव्हीसारखा ‘वाढव’ कोड एसीला सहसा नसतो. प्रत्येक दाबाला मोड, तापमान, पंखा अशी पूर्ण स्थिती एकाच लांब संदेशात जाते. वेबपानावर ‘+’ बटण ठेवू नका. २४, २६, २८ आणि ‘बंद’ यांची वेगवेगळी नोंद करून प्रत्येकाला स्वतंत्र बटण द्या.