शब्दचर्चा: ‘आनुवंशिकता ८० टक्के’, म्हणजे कशाचे ८० टक्के?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, कराड): दहावीला ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ शिकवते. एका लेखात ‘बुद्ध्यंकाची आनुवंशिकता ८० टक्के’ असं वाचून मुलांनी विचारलं, ८० टक्के बुद्धी आईवडिलांची आणि २० टक्के शाळेची का?

उत्तर (सांगली): नाही, ताई. पण मुलांचा दोष नाही, एका शब्दावर आपण दोन कामं टाकली आहेत. धड्यातली आनुवंशिकता म्हणजे गुण पुढच्या पिढीत जाणं. लेखातली आनुवंशिकता हे संख्याशास्त्रातलं गुणोत्तर आहे: एका ठरावीक समूहात, ठरावीक परिस्थितीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती हिस्सा जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो. एकट्या माणसाबद्दल ते काहीच सांगत नाही. हाताला पाच बोटं जनुकांमुळेच येतात, तरी बोटांच्या संख्येचं हे गुणोत्तर शून्याजवळ असतं. कारण बोट कमी असलेल्या माणसाचं ते बहुधा कडबाकुट्टीत किंवा यंत्रात गेलेलं असतं.

८० चा आकडा गाजला १९६९ मध्ये, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांच्या लेखामुळे. अमेरिकेतल्या गोऱ्या-काळ्यांच्या सरासरी बुद्ध्यंकातलं अंतरही काही अंशी जनुकांमुळे असावं, असा तर्क त्यांनी मांडला आणि विद्यापीठांत वादळ उठलं. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये बियाण्याच्या उदाहरणाने त्यातली फट दाखवली. आपल्याकडे ते असं सांगता येईल: एकाच पिशवीतली सरमिसळ ज्वारी निम्मी माणच्या मुरमाड रानात पेरली, निम्मी कृष्णाकाठच्या काळ्या रानात. एका रानात सगळ्या ताटांना माती-पाणी सारखं असेल, तर तिथला उंचीतला फरक बियाण्याचा. दोन रानांमधलं अंतर मात्र मातीचं. म्हणजे एका समूहातल्या टक्केवारीवरून दोन समूहांमधल्या अंतराचं कारण ठरत नाही.

जेन्सन यांनी ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांच्या, वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या आकड्यांवरही भिस्त ठेवली होती. जोड्या २१ वरून ५३ झाल्या तरी जुळ्यांच्या बुद्ध्यंकांतला सहसंबंध (दोघांचे आकडे किती जुळतात त्याचं माप) ०.७७१ च राहिला, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन कॅमिन यांनी १९७४ मध्ये दाखवलं. नव्या जोड्या आल्यावरही तिसऱ्या दशांशापर्यंत तोच आकडा येणं जवळपास अशक्य, म्हणून बर्ट यांच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. तरीही नंतरच्या इतर अभ्यासांत प्रौढांमध्ये हे गुणोत्तर बरंच वर येतं. ते आपल्याला आवडत नाही म्हणून नाकारू नये.

प्रतिसाद (सातारा): मला ‘वंश’ जास्त खटकतो. ‘आनुवंशिक’मधला वंश म्हणजे वंशावळीतला, कुळीचा. ‘वंशवाद’मधला वंश निराळा, जगातल्या माणसांच्या गटांचा. मराठीत अक्षरं तीच असल्यामुळे ‘आनुवंशिक’ म्हटलं की वाचक नकळत ‘वंशावर अवलंबून’ असं ऐकतो आणि तिथून जातीवर यायला वेळ लागत नाही. आंबेडकरांचं नाव १९०० मध्ये इथल्या शाळेत घातलं गेलं. त्याच सुमारास १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली नाकाच्या मापांवरून जातींची वांशिक उतरंड लावत होते. आंबेडकरांनी १९३६ मध्येच लिहिलं, की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार वंशाने एकच. पुढे १९४८ मध्ये त्यांनी नाकाच्या मापांचीच आकडेवारी घेऊन अस्पृश्यांचा वंश वेगळा असल्याचं म्हणणं खोडलं.

उत्तर (सांगली): पटलं, सर. म्हणून या गुणोत्तरासाठी ‘आनुवंशिकता’ वापरूच नये. ‘फरकातला जनुकीय हिस्सा’ लिहावं, आणि समूह सांगितल्याशिवाय टक्केवारी छापू नये. ताई, फळ्यावर असं लिहा: ‘या देशातल्या, या वयाच्या लोकांच्या बुद्ध्यंकांत जो फरक आढळला, त्यातला एवढा हिस्सा जनुकीय फरकाशी निगडित आहे.’ वाक्य लांबतं, लांबू द्या.