वाईचा टँकर, आपला एसटीपी आणि फरशीखाली गाडलेलं झाकण

कृष्णाकाठी

पोटखराबा यांच्या परवाच्या धाग्यावर प्रतिसाद द्यायला बसलो आणि तो इतका लांबला की वेगळा धागाच काढतोय. त्यांचं म्हणणं असं: आपल्या नगरपरिषदेचा भुयारी गटार आणि एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचा, डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) मंजुरीला गेलाय, आता शंका काढणारे सगळे विकासाचे वैरी. आणि वर हे की, "वाईसारखं टँकर लावून मैला उपसत फिरणं शहराला शोभत नाही."

शोभा! गटारात शोभा शोधणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला.

वाईने काय केलं ते आधी नीट बघा. गल्लीवार पाळी लावून दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची सेप्टिक टँक उपसायची. टाकी तुंबून अंगणात आल्यावर फोन करायचा नाही, पाळी आली की गाडी दारात. खर्च करातून. उपसलेला मैला ओढ्यात नाही, तर दिवसाला 70 हजार लिटर मैला पचवणाऱ्या केंद्रावर. 2018 पासून. सिन्नरनेही हीच वाट धरली.

आता आपल्याकडचं ऐका. गेल्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटे, आमचा संडास तुंबला. खासगी टँकरवाला आला, नळी घेऊन उभा राहिला, पण टाकीचं झाकण सापडेना. घर 1996 चं. मधे वडिलांनी अंगणात शहाबादी फरशी घातली. मी पहारीने ठोकत फिरतोय, पोकळ आवाज कुठे येतो ते ऐकत, आणि आई ओट्यावरून "तिथे नाही, पपईच्या झाडाजवळ होतं" म्हणतेय. पपईचं झाड जाऊन पंधरा वर्षं झाली. शेवटी झाकण निघालं तुळशी वृंदावनाच्या बुडाशी. सत्तावीस वर्षांत एकदाही न उपसलेली टाकी. वर साय धरल्यासारखा थर, त्यात काठी उभी राहत होती. टँकर भरल्यावर मी विचारलं, "हे कुठे ओतणार?" तो म्हणाला, "मास्तर, तुम्हाला रिकामी टाकी पाहिजे का पत्ता पाहिजे?"

मी गप्प बसलो. पत्ता मला माहीतच होता.

म्हणून म्हणतो, प्लांट बांधा, पण घर जोडणार कोण? मुख्य पाइप रस्त्यात, प्लांट नदीकाठी, आणि ज्याच्यासाठी हे सगळं ते घर मधेच लोंबकळत. जोडणीचा खर्च घरमालकाच्या माथी टाकला की निम्मे लोक "बघू" म्हणतात. मग कोट्यवधींच्या टाक्यांत कावळे पाणी पितात.

पोटखराबा

मास्तर, गोष्ट छान. दिवाळी अंकाला द्या.

आता एक सांगा. तुमच्या टाकीतून वरच्या पाइपने रोज जे पाणी बाहेर पडतं ते कुठे जातं? वाईचा टँकर गाळ नेतो, पाणी नेत नाही. आणि न्हाणीचं, मोरीचं, धुण्याचं पाणी तर टाकीत जातही नाही, थेट उघड्या गटारात जातं. चाळीस हजार वस्तीचा हिशेब करा. माणशी 135 लिटर, त्यातलं 80 टक्के सांडपाणी, म्हणजे दिवसाला 43 लाख लिटर. तीन वर्षांतून एकदा येणारी तुमची गाडी यातलं काय उचलणार? चमचा?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा 2021 चा अहवाल आहे. देशभरातल्या शहरांचं सांडपाणी 72,368 एमएलडी (म्हणजे रोज इतके दशलक्ष लिटर), प्रत्यक्षात शुद्ध होतं 20,236. उरलेलं आपल्यासारख्या गावांचं, जिथे मास्तर लोक टँकरवर कविता करतात. 2012 ला इचलकरंजीत कावीळ आली तेव्हा माझी आत्या तिथे होती. महिनाभर उसाचा रस आणि गुळवेल. तिला जाऊन सांगा शोभा कशात असते ते.

गवंडी_नाना

दोघंही 'सेप्टिक टँक' म्हणताय म्हणून बोलतो. या गावात मी दीडदोनशे टाक्या बांधल्या असतील. त्यातल्या खऱ्या सेप्टिक टँक, म्हणजे दोन कप्पे, मधे भिंत, तळाला काँक्रीट, आतून गिलावा, अशा वीसही नसतील. मालकच सांगतो, "नाना, तळ उघडा ठेवा, मुरू दे, उपसायची कटकट नको." मास्तरांची सत्तावीस वर्षं का चालली? बहुतेक तळच नाही. आणि त्यांच्या शेजारच्या वाड्यात आड आहे, त्याला अजून रहाट आहे. पुढचं मी बोलत नाही.

कृष्णाकाठी

नाना, ती टाकी कुणी बांधली ते वडील असते तर विचारलं असतं.

गवंडी_नाना

मी नाही. 96 ला मी मुंबईला होतो.

मेनरोडवाला

पाण्यातली घाण मोजायचं तुमचं ते बीओडी-सीओडी चालू द्या. मला एवढंच सांगा, पाइप टाकायला मेन रोड खोदणार की नाही? खोदणार. किती दिवस? कागदावर तीन महिने. मागे पाण्याची लाइन टाकली तेव्हाही तीनच महिने होते. चौदा महिने माझ्या दुकानापुढे खंदक. फळीवरून गिऱ्हाईक यायचं. एक म्हातारी चाळण घ्यायला आली आणि फळीवरून घसरून आत पडली. पाय मोडला नाही हे तिचं नशीब, पण चाळण तिने समोरच्याकडून घेतली. त्या वर्षीच्या दिवाळीत बोहनीला तीन वाजले होते एके दिवशी. भरपाई? शून्य. घरपट्टी मात्र वेळेवर.

पोटखराबा

मेनरोडवाले, म्हणजे नदीत घाण जाऊ दे, पण चाळणी खपू देत?

मेनरोडवाला

हो. तुमचा पगार एक तारखेला होतो म्हणून नदी आठवते.

शाखा_अभियंता_निवृत्त

आयुष्यभर हेच केलं म्हणून दोन शब्द. कृष्णाकाठी यांची घरजोडणीची भीती खरी आहे. प्लांटमधले जिवाणू म्हणजे दावणीची जनावरं. पाच एमएलडीच्या प्लांटवर एक एमएलडी आलं तर ती उपाशी मरतात, आणि त्यांना हवा देणारा ब्लोअर मात्र फिरतच राहतो. वीज बिल येतं, काम होत नाही. ठेकेदाराची देखभाल पाच वर्षं, सहाव्या वर्षी पालिकेच्या गळ्यात. मग ब्लोअर फक्त साहेब पाहणीला आले की चालू. मी पाहिलंय.

पण उपाय टँकर नाही. उपाय नाला अडवणे. तुमची तिन्ही गटारं शेवटी स्मशानामागच्या ओढ्यालाच मिळतात ना? त्या ओढ्याच्या तोंडाशी बांध घाला, विहीर करा, पंपाने पाणी प्लांटवर न्या. घर जोडलेलं असो नसो, पाणी आपोआप येतं. रस्ते खोदायचे ते नंतर, वॉर्डावॉर्डाने. पावसाळ्यात ओढा फुगतो तेव्हा जादा पाणी सोडून द्यावं लागतं, तो दोष मान्य. शिवाय हरित लवादाने 2019 ला बीओडी लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आत आणा म्हणून सांगितलंय. 2017 च्या अधिसूचनेत लहान शहरांना 30 ची मुभा होती. 10 साठी जी यंत्रणा लागते ती चालवायला माणूस शिकलेला लागतो, आणि तो या पगारावर या गावात राहत नाही.

ओढ्यापलीकडची

'स्मशानामागे' असं किती सहज लिहिलंत साहेब. स्मशानामागे आम्ही राहतो. कचरा डेपो आमच्याकडे, कत्तलखाना आमच्याकडे, आता गावभरच्या संडासाचं पाणीही आमच्याकडे. सगळे उतार आमच्याच दारात कसे येतात?

शाखा_अभियंता_निवृत्त

ताई, पाणी उताराने वाहतं. त्यात जात नसते.

ओढ्यापलीकडची

पाणी उताराने वाहतं, पण उतारावर कुणाला राहायला जागा दिली ते पाण्याने ठरवलं नाही. माझे आजोबा डोक्यावर पाटी घेऊन टोपलीचे संडास काढायचे. 1993 ला या कामावर बंदीचा कायदा झाला, 2013 ला पुन्हा झाला, आणि अजून चेंबर तुंबलं की निरोप आमच्याच आळीत येतो. 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. भाव वाढला, उतरणारा तोच. माझा प्रश्न साधा आहे. तुमच्या डीपीआरमध्ये चेंबर साफ करायचं मशीन आहे का? मशीन नसेल तर भुयारी गटार म्हणजे आमच्या पोरांसाठी खोल विहिरी.

कृष्णाकाठी

हे माझ्या डोक्यात नव्हतं. मान्य.

(पण वाईच्या गाडीला नळी असते, माणूस उतरत नाही, एवढं नोंदवून ठेवतो.)

मळेकरी

ओढा अडवणार म्हणजे? त्या ओढ्यावर खाली बारा मोटरी आहेत, त्यातली एक माझी. एप्रिल-मे मध्ये नदी आटते, कॅनॉलची पाळी येत नाही, तेव्हा ऊस जगतो तो गावाच्या पाण्यावर. ते पाणी तुम्ही प्लांटवर नेणार आणि साफ करून कुणाला देणार? एमआयडीसीला! घाण होतं तोवर आमचं, साफ झालं की तुमचं होय?

आणि घाण म्हणू नका. माझ्या आजाच्या काळात त्याला सोनखत म्हणायचे. नगरपालिकेच्या खड्ड्यावर बैलगाड्यांची रांग लागायची. त्या पाण्यावर मेथी बघा कशी येते, पान हाताएवढं.

शेवग्याची_शेंग

एक मिनिट. कुठली मेथी? शुक्रवारच्या बाजारात नाल्याच्या कोपऱ्याला बसता ती?

मळेकरी

हो, तीच. अकरा वर्षं नेताय तुम्ही. काही झालं का?

शेवग्याची_शेंग

माझ्या मुलाला दोन वर्षांत तीनदा जंत झाले! डॉक्टर म्हणाले माती खातो का. माती नाही हो, मी त्याला या काकांची कोथिंबीर घालून पोहे देत होते!

मळेकरी

जंत सगळ्या पोरांना होतात. कोथिंबीर धुवायची असते.

शाखा_अभियंता_निवृत्त

जंताची अंडी नुसत्या धुण्याने सगळी जात नाहीत. मेथी शिजते, कोथिंबीर शिजत नाही, हाच फरक. उसाला, गजराज गवताला द्या, फारसं बिघडत नाही. पालेभाजीला आणि कच्चं खायच्या कशालाही देऊ नये.

मळेकरी

साहेब, उसाचं बिल दीड वर्षाने येतं. मेथीचे पैसे शुक्रवारी संध्याकाळी.

कृष्णाकाठी

सोनखताचं नाव निघालंच आहे तर सांगतो. शेतात सोडलेलं कच्चं पाणी म्हणजे सोनखत नव्हे. कणकवलीच्या गोपुरीला अप्पासाहेब पटवर्धनांनी आयुष्य घातलं ते मैला कुजवून खत करण्यात, उघड्यावर ओतण्यात नाही. देहूच्या डॉ. मापुसकरांनी त्यांच्याकडूनच धडा घेतला आणि घरोघरच्या संडासांना गॅसचे संयंत्र जोडले. त्याच गॅसवर बायका स्वयंपाक करत. पद्मश्री मिळाली 2017 ला, तीही मरणोत्तर. बंगलेवाले हसायचे, "ह्या गॅसवरचा चहा?" म्हणून.

पोटखराबा

तुम्ही प्याल का मास्तर? खरं सांगा.

कृष्णाकाठी

प्यालोय. देहूलाच. साखर कमी होती, बाकी काही नाही.

मळेकरी

अप्पासाहेबांचं नाव घेऊन माझी मोटर बंद करू नका. नागपूरचं बघा. तिथलं शुद्ध केलेलं पाणी, भांडेवाडीचा 130 एमएलडीचा प्लांट, कोराडीच्या वीज केंद्राला जातं. वीज तयार होते आणि आमच्या मोटरीला रात्री दोनला मिळते. म्हणजे पाणी आमचं, वीज त्यांची, झोप कुणाची मोडली?

पोटखराबा

अहो, ते बरोबरच आहे ना! धरणाचं चांगलं पाणी कोळशाच्या राखेत घालण्यापेक्षा सांडपाणी घातलं, तेवढं धरणाचं पाणी वाचलं. वाचलेलं कुणाला मिळतं हा वेगळा भांडणाचा विषय.

मळेकरी

तोच तर विषय आहे. बाकी सगळा तुमचा टाइमपास.

शेवग्याची_शेंग

माझा विषय कोथिंबीर आहे आणि त्याचं उत्तर अजून मिळालं नाही.

मळेकरी

ताई, विहिरीवरचा एक वाफा आहे, घरच्यासाठी ठेवलेला. शुक्रवारी तुमची पेंडी त्यातली बाजूला काढून ठेवतो.

शेवग्याची_शेंग

म्हणजे तुमच्या घरी तुम्ही नाल्याची खात नाही!!!

मेनरोडवाला

धागा इथे संपायला हरकत नाही.

ओढ्यापलीकडची

चार जणांनी कोथिंबिरीवर बारा प्रतिसाद दिले. मशीनचा प्रश्न तसाच आहे. शाखा अभियंता साहेब, तुम्ही डीपीआर वाचलाय ना?

शाखा_अभियंता_निवृत्त

काल पुन्हा उघडून पाहिला. गटारं साफ करायला जेटिंग-सक्शनची एक गाडी धरली आहे. चालक आणि डिझेल धरलेलं नाही. हरकतींची मुदत अजून आहे. तुम्ही अर्ज लिहा, मी सही करतो, आणि जागेच्या मुद्द्यावरही करतो. पंपघर तिथेच लागेल, पण प्लांट वरच्या अंगाला पालिकेच्या पडीक जागेत नेता येतो. पंपाचं बिल वाढेल. वाढू दे.

ओढ्यापलीकडची

हे पहिल्याच प्रतिसादात म्हणाला असतात तर माझा मोबाइल डेटा वाचला असता. अर्ज उद्या आणते.

कृष्णाकाठी

नाला अडवणे आणि सोबत टाक्यांची पाळी, दोन्ही एकदम असेल तर माझा प्लांटला विरोध नाही. पोटखराबा यांच्या 43 लाख लिटरच्या हिशेबातही चूक सापडली नाही, दोनदा करून पाहिला. मात्र टँकरला लाजिरवाणं म्हणाले ते त्यांनी मागे घ्यावं.

पोटखराबा

घेत नाही.

पण काल संध्याकाळी सहज आमच्या टाकीचं झाकण शोधलं. सापडलं नाही. बायको म्हणते पार्किंगला टाइल्स बसवल्या त्याखाली गेलं असणार. नाना, उद्या सकाळी येऊन जाता का? याचा अर्थ मी वादात हरलो असा कुणी काढू नये.

गवंडी_नाना

येतो. आठच्या आत गाडी बाहेर काढून ठेवा. फुटलेल्या टाइल्सला मॅचिंग मिळणार नाही, आधीच सांगतो.