प्रशासक होता तेच बरं? काय बोलताय राव!

वडगावकर: काल इथं एकानं लिहिलं, "मतदान हा सोपस्कार. आर्थिक धोरण बरोबर असलं की बास. बेळगाव महापालिकेत प्रशासक होता तेच बरं." डोकं फिरलं, म्हणून लांब लिहितोय. जुनं सभागृह 2019ला संपलं, मतदान 2021ला, महापौर निवड थेट 2023ला. मधल्या काळात गटार तुंबली की आम्ही अर्ज घेऊन जायचो, तर जुने साहेब बदलून गेलेले, नवे मिटिंगमध्ये. नगरसेवक चोर असेल, पण त्याला आमच्याच गल्लीतून घरी जावं लागतं. आणि धोरणाचं म्हणाल, तर केरळात 1957ला लोकांनी कम्युनिस्ट आणले, 1960ला पाडले, 1967ला परत आणले. पोथी तीच होती की!

टिळकवाडीचा जुना: मीच लिहिलं होतं. 1959ला दिल्लीनं तेच सरकार बरखास्त केलं, ते सोयीनं गाळलंत. आमचे आजोबा कूळ. 1952पासून मत देत होते, जमीन मात्र मालकाचीच. कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री देवराज अर्सांचा 1974चा कायदा आला, कुळानं जमीन मागायचा सात नंबरचा फॉर्म भरला, तेव्हा उताऱ्यावर नाव लागलं. धोरणानं लागलं, मतानं नव्हे.

खानापूरची लेक: अर्स काय आभाळातून पडले? 1972ला निवडून आलेलं सरकार होतं ते. आणि शेतजमीन कुणीही घ्यावी म्हणून 2020ला तोच कायदा सैल केला, तेही धोरणच की काका.

निपाणीचा ऊसवाला: धोरण घाला चुलीत, काट्याचं बोला! बाहेर वजन केलेला ट्रॅक्टर कारखान्यात गेला की हलका होतोय. बाहेरची पावती दाखवली तर गाडी यार्डात उभी, ऊस वाळतोय. सत्तेतले काय, विरोधातले काय, काट्यावर सगळे एकाच पक्षाचे. 2025ला आपल्याच जिल्ह्यात गुर्लापूरला शेतकरी रस्त्यावर बसले, उसाला टनामागं 3,500 रुपये मागितले, तेव्हा कुठं 3,300 पदरात पडले. त्यात मतपेटीचा काय संबंध?

वडगावकर: मामा, रस्त्यावर बसलेल्यांना सरकार घाबरलं ते मतांसाठीच ना?

निपाणीचा ऊसवाला: मामा म्हणू नका. शहरात बसून ऊस शिकवताय? तोडणीवाल्याला एंट्री, म्हणजे वरचे पैसे, द्यावी लागते, ती कुणाला मत देऊन वाचंल सांगा.

शहापूरकर: एंट्री आमच्याकडं पण घेतात, वर टोळीला जेवण.

टिळकवाडीचा जुना: मताचं एवढं कौतुक, तर बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणाऱ्या एकीकरण समितीचे आमदार इतक्यांदा निवडून दिले, सीमा इंचभर तरी हलली? 2004पासून महाराष्ट्राचा सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात पडलाय.

खानापूरची लेक: म्हणून मतच नको? जिल्हा पंचायतीची मुदत 2021ला संपली, पुढं वर्षानुवर्षं निवडणूक नाही. आमच्या गावच्या रस्त्यासाठी कुणाला धरायचं? तुमच्या धोरणाला?

टिळकवाडीचा जुना: बरं बाई, रस्त्यापुरतं तुमचं खरं. गटारीचंही धरा, नाहीतर वडगावकर झोपायचे नाहीत.

वडगावकर: उपकार झाले!

निपाणीचा ऊसवाला: झालं? आता बाहेरच्या काट्याच्या पावत्या कुणाकडं असतील त्यांनी फोटो टाका, गाडी नंबर झाकून.