मदत हवी आहे: मेडिकल कॉलेजची परवानगी नाकारली, दुसरं अपील की थेट रिट?

आमच्या ट्रस्टच्या नव्या मेडिकल कॉलेजचा (एमबीबीएस, १०० जागा) प्रस्ताव राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम २८ खाली नामंजूर झालाय. कारणं दोन: अध्यापकांची बायोमेट्रिक हजेरी कमी आणि रुग्णालयात भरलेल्या खाटा अपुऱ्या. हजेरीतली उणीव खरी होती, ती आम्ही नंतर भरून काढली. खाटांचा आकडा मात्र ऐन सणाच्या सुट्टीतला धरलाय, भांडण तेवढ्यापुरतंच.

राज्याचं अनिवार्यता प्रमाणपत्र (कॉलेजची गरज असल्याचा सरकारी दाखला) आणि विद्यापीठाची संलग्नता-संमती हातात आहे. त्रुटींना लेखी उत्तर दिलं. आयोगाकडे १५ दिवसांच्या मुदतीत पहिलं अपील केलं, तेही फेटाळलं गेलं.

कायद्याप्रमाणे पुढची पायरी म्हणजे केंद्र सरकारकडे दुसरं अपील. पण प्रवेशफेऱ्या तोंडावर आल्यात, म्हणून वकील म्हणतात थेट उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट (सरकारी निर्णयाला आव्हान देणारी याचिका) टाका. मला धास्ती ही की ‘पर्यायी मार्ग आहे’ म्हणून तिथून परत पाठवतील. कोर्टाच्या अंतरिम (अंतिम निकालाआधीच्या तात्पुरत्या) आदेशावर प्रवेश द्यायचे नाहीत, हे पक्कं. उद्या निकाल उलटला तर पोरं अधांतरी लटकतात.

दुसरं अपील दाखल ठेवून, फक्त फेरतपासणीची मागणी करणारी रिट कुणी केली आहे का? कोर्टाने ती ऐकून घेतली का?